प्रश्न एकदाच विचारावा

६ जानेवारी, सोमवार

सातला ताईच्या दोन रिंगा आल्या. दिवस सुरू झाला.

निवृत्त झाल्यापासून ही वही बंद होती. "आज वांग्याची भाजी केली" असं किती दिवस लिहायचं? पण आजपासून मी पुन्हा कामावर आहे, वय त्रेसष्ट असलं म्हणून काय झालं. कटोरा तालाबजवळ एका सल्लागार कंपनीचं ऑफिस आहे. रायपूर आणि अभनपुरात ज्यांच्या घरी अजून लँडलाइन आहे, अशा अडीचशे घरी जाऊन फॉर्म भरायचे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ट्रंक ऑपरेटर होते, म्हणून मला घेतलं.

साहेबाचं नाव यशदीप. अठ्ठावीस वर्षांचं पोरगं. आईवडील वर्ध्याचे, त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून. त्याने नीट समजावून सांगितलं. सरकारी आयोगाला ठरवायचंय की मोबाइल आणि लँडलाइन एकाच बाजारातले की वेगवेगळे. मी म्हटलं, तुरीची डाळ महागली आणि लोक चण्याच्या डाळीचं वरण लावायला लागले, तर दोन्ही एका बाजारातल्या, तसंच ना? तो खूश झाला. "बिल्कुल, आंटी! आप तो समझ गईं." एकाच बाजारातले ठरले, तर लँडलाइनवाल्या कंपनीवर मोबाइलचा वचक आहे असं धरायचं. मग बिघाड इतक्या दिवसांत दुरुस्त करा, लाइन बंद करू नका, हे नियम आयोग काढून घेईल. वेगळे ठरले तर नियम राहतील.

सगळं अडलंय प्रश्न नऊवर. "लँडलाइनचं भाडं दहा टक्क्यांनी वाढलं तर तुम्ही (क) लँडलाइन ठेवाल, की (ख) काढून मोबाइलवर भागवाल?" खाली सूचना आहे: प्रश्न एकदाच विचारावा. समजावून सांगू नये. पहिलं उत्तर अंतिम धरावं.

मला ही शिस्त आवडली. ट्रंकवर आमचं तेच होतं. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, मध्ये स्वतःचं नाक खुपसायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज ब्राह्मणपारा. गल्लीत स्कूटरवाले अंगावर येतात, पण घरं अगत्याची. नरहरी काका ऐंशीच्या पुढचे, बायको जाऊन चार वर्षं झाली, घरी एकटेच. मी गेले तर स्वतः पोहे करायला उठले. मी म्हटलं नको. ते म्हणाले, "घ्या हो थोडे." मी म्हटलं, अहो खरंच नको, आत्ताच खाऊन आले. ते म्हणाले, "बाई, उपाशी जाऊन राहिल्या का माझ्या घरून?" मग घेतले. बशी चाटूनपुसून साफ केली, सकाळपासून चहावर होते. कुणाच्या घरी पहिल्या बोलण्यात हो म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि पहिला नकार खरा धरायचीही नाही.

काकांनी प्रश्न नऊला हसून हात हलवला. "दहा टक्के वाढले तं काढून टाकू. आता कोणाले पाह्यजे हा डब्बा!" (ख) वर खूण. आज एकोणीस फॉर्म झाले, त्यात सतरा (ख).

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन अभनपुरला ताईकडे गेले. भाठागावच्या बसस्टँडवरून तासाभराचा रस्ता.

कलावती माझी सख्खी मोठी बहीण, शहात्तर वर्षांची. भाऊजी तिथल्या छोट्या रेल्वेत होते. ती गाडी गेली, भाऊजीही गेले, ताई त्याच घरात आहे. डोळ्यांनी आता नुसता उजेड आणि अंधार कळतो. तिला वेळेवर ऑपरेशन सांगितलं होतं. भाऊजींनी विचारलं, करायचं का? ताई म्हणाली, नको, कशाला खर्च. त्या भल्या माणसाने ते खरं मानलं! चाळीस वर्षं संसार करून त्यांना एवढं कळलं नाही, की ताई साडीलाही आधी नको म्हणते, पंख्यालाही नको म्हणते, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं बाई, तू म्हणतेस तं" म्हणते. एकदाच विचारलं म्हणून डोळे गेले. त्यासाठी मी भाऊजींना अजून माफ केलेलं नाही.

तिचा फोन खाटेजवळच्या स्टुलावर असतो. पाचच्या बटणावर मी मेणाचा ठिपका लावून दिलाय, त्यावरून बाकीचे आकडे तिचं बोट बरोबर शोधतं. रोज सकाळी सातला मला दोन रिंगा देते आणि ठेवते. मी उचलायचं नाही. पूर्वी रायपूरला बोलायला एसटीडीचे पैसे पडायचे तेव्हाची ही खूण, "मी बरी आहे." आता पैसे पडत नाहीत, खूण राहिली. तिच्या मुलाने, विशालने, बंगळूरहून मोबाइल पाठवलाय. तो तिळगुळाच्या डब्यात रुमालात गुंडाळून ठेवलेला सापडला. "काचेवर बोट कुठं ठेवू, विजे? सगळं सपाट आहे," ताई म्हणाली. आम्ही दोघी खूप हसलो.

२१ जानेवारी, मंगळवार

सातला रिंग नाही. सव्वासातला नाही. साडेसातला मी फोन केला. तिकडे रिंग जात राहिली, कुणी उचलेना. पायात चपला कशा अडकवल्या ते आठवत नाही.

पोचले तर ताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. "काहून आली? आज तं मंगळवार आहे." फोन मेलेला होता. इकडे वाजलाच नाही म्हणाली. मी ऑपरेटर, मला कळायला हवं होतं! तार बाहेर कुठेही तुटली तरी फोन लावणाऱ्याच्या कानात रिंग जातच असते. ती एक्सचेंज ऐकवतं, त्या घरातला फोन नाही. घाबरले की शिकलेलं सगळं पार उडून जातं.

दिवस बुडाला. यशदीप रागावला नाही, पण म्हणाला, "आंटी, टारगेट देख लीजिए."

२९ जानेवारी, बुधवार

लाइन शुक्रवारी लागली होती, आज परत रिंग नाही. या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून ताईच्या शेजारणीला, शर्मिष्ठाला, मोबाइलवर विचारलं. ती बघून आली, ताई ठीक आहे. वर ताईचा निरोप, "विजेले सांग, एवढ्याशासाठी जीव काढू नको."

लाइनमन मारोती भेटला. आमच्या खात्यातला जुना माणूस, आता लँडलाइनवाल्या कंपनीसाठी ठेक्यावर काम करतो. म्हणाला, "अभनपुरच्या नाल्यातली केबल सडली बाई. पण वरून सांगून ठेवलं आहे, लँडलाइनचं नवीन काम काढायचं नाही. आधीच्या तक्रारीही बंद झाल्या असं लिहून टाकायचं."

"नियम आहे ना दुरुस्तीचा?"

"हव, आहे अजून," तो म्हणाला, आणि बिडी पेटवली.

'अजून' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अभनपुरचे चाळीस फॉर्म आज संपवले. फॉर्म एकशे सत्त्याऐंशी: कलावती, माझी ताई. यादीत नाव होतंच. नातेवाइकाचा फॉर्म दुसऱ्याने भरावा असा नियम नाही, मी विचारून घेतलं. तरी मी समोर बसले ती बहीण म्हणून नाही. चष्मा लावला, आवाज खात्यातला काढला. ताईला गंमत वाटली, तिने पदर सारखा केला.

घरात चालू मोबाइल आहे का? आहे. (डब्यात, पण आहे. तो वापरता येतो का, असा प्रश्न फॉर्ममध्ये नाही.)

प्रश्न नऊ मी वाचला. ताई म्हणाली, "नको गं बाई. माझ्यासाठी कशाला वाढीव भाडं? काढून टाका."

पेन कागदावर टेकलं आणि क्षणभर तिथेच राहिलं. मग मी (ख) वर खूण केली. आता ताईला सवलत दिली, तर बाकी दोनशे जणांनाही द्यायला हवी होती. आणि एका फॉर्मने असा काय फरक पडणार आहे?

जेवायला बसवलं. तिसरी पोळी नको म्हटलं तरी वाढलीच तिने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारपासून लाइन पुन्हा मेलेली. सातला घरात शांतता असते. पहिले दोन दिवस कान तिकडे लागायचे. आज चहा उकळताना लक्षात आलं, सात वाजून गेले आणि मी घड्याळाकडे पाहिलंही नाही. माणसाला कशाचीही सवय होते. शर्मिष्ठा रोज सांगते, ठीक आहे.

सगळे फॉर्म दिले. यशदीप म्हणाला, शंभरात एक्क्याण्णव (ख). "इतना क्लीन डेटा किसी का नहीं आया, आंटी." माझं अक्षर त्याने दुसऱ्या मुलांना दाखवलं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सातला दोन रिंगा! मी फोनला हात जोडले. दहा दिवसांनी लाइन आपोआप लागलेली दिसते. सडक्या केबलचं असंच असतं, ऊन पडलं, ओल सुकली की जिवंत होते, चार दिवसांनी परत मरते.

गुरुवारी आयोगाची सुनावणी आहे, इथेच एका हॉटेलच्या हॉलमध्ये. यशदीपने मलाही बोलावलंय. कुणी विचारलं तर काम कसं केलं ते सांगायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन रिंगा आल्या. दुसरी जरा लांबली, तिचं बोट रेंगाळलं असेल. शर्मिष्ठा धमतरीला पुतणीच्या लग्नाला गेली, रविवारी येणार. उद्यासाठी निळी साडी इस्त्री केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सातला रिंग नाही. गेली पुन्हा लाइन. म्हटलंच होतं मी.

साडी, केस, रिक्षा, सगळी घाई. हॉल थंडगार. पुढे आयोगाचे तीन जण, बाजूला लँडलाइनवाल्या कंपनीचे वकील, मागे दहाबारा माणसं. यशदीप छान बोलला. पडद्यावर मोठा आकडा, एक्क्याण्णव. मोबाइल आणि लँडलाइन हे एकमेकांच्या जागी सहज चालतात, म्हणून बाजार एकच.

ग्राहकांच्या बाजूची एक वकीलबाई उठली, अपर्णा नावाची. तिने विचारलं, "काढून टाकू म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना मोबाइल खरोखर वापरता येतो?" यशदीप म्हणाला, ते फॉर्ममध्ये नव्हतं. मग ती म्हणाली, "लोक तोंडाने म्हणतात तेच त्यांच्या मनात असतं, याची खात्री कशी केली?"

अध्यक्षांनी विचारलं, फॉर्म भरणारे कुणी आलेत का? मी उभी राहिले. प्रश्न लिहिल्याप्रमाणे विचारला का? मी सांगितलं, "शब्दाला शब्द, साहेब. एकदाच. मी स्वतःचं काही घातलं नाही." अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. लेखी हरकतीला मंगळवारपर्यंतची मुदत दिली. घड्याळात तेव्हा साडेअकरा झाले होते.

घरी येऊन भात पिठलं केलं. एवढं छान झालं सगळं, तरी जेवण जाईना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही रिंग नाही. सव्वासातला मी फोन केला. रिंग जाते, कुणी उचलत नाही. दुपारी केला, तेच. संध्याकाळी केला आणि बराच वेळ कानाला धरून बसले. पण मी आता जानेवारीतली विजया नाही. मेलेल्या लाइनवरही रिंग जाते, हे मला ठाऊक आहे. शर्मिष्ठाचा मोबाइल लागत नाही. रविवारी ती येईलच. उगाच धावत गेले तर ताईच हसेल.

जावं का?

नको. वेडेपणा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठला मारोतीचा फोन. "बाई, ताईची लाइन बरोबर चालून राहिली ना? सोमवारी मी माझ्या हातानं वरून तार टाकून देली होती. नाल्यातली नाही, नवी. आता ती काही मरत नाही. ऑर्डर नव्हती, म्हणून तुम्हाले बोललो नाही. कोणाले सांगू नका."

मी त्याला विचारलं, काल चालू होती? परवा?

"म्हणजे? आत्ता मी एक्सचेंजमध्येच उभा आहो. टेस्ट करून पाहिली, एकदम ओके आहे."

२३ फेब्रुवारी, रविवार

कालचं लिहिणं अर्धवट राहिलं.

ताई खाट आणि न्हाणीच्या मध्ये जमिनीवर होती. गुरुवारी सकाळी फोनकडे येताना पाय घसरला. खुबा मोडलाय. दोन दिवस पाणी नाही. कोनाड्यात ठेवतात त्या देवासारखी गुपचूप पडली होती. मी आले म्हणून जराशी हसली.

"फोन वाजत होता, विजे," अॅम्ब्युलन्समध्ये म्हणाली. "काल तीन डाव वाजला. हात पोचला नाही. मले वाटलं, उचलला नाही म्हणजे तुले समजीन."

मला समजत नव्हतं, असं कोण म्हणेल? मला नको तेवढं समजत होतं. एकतीस वर्षांचं शहाणपण कानाला लावून बसले होते, आणि त्या प्रत्येक रिंगेला माझी बहीण तिकडे जमिनीवर ऐकत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

इस्पितळ. डॉक्टर तरुण आहे, वाईट नाही, नुसता घाईत. ताईवर वाकून म्हणाला, "अम्मा, ऑपरेशन करना पड़ेगा. कराएंगी?"

"नको बाबू," ताई म्हणाली. "कशाला उगाच खर्च."

त्याने कागदावर लिहायला पेन टेकवलं. मी त्याचा हात धरला. धरलाच. "लिहू नका. एकदा विचारून लिहू नका, डॉक्टर. ती पहिल्यांदा नाहीच म्हणते." त्याने पेन उचललं. म्हणाला, मरीज़ होश में है, उसने मना किया है, फिर भी शाम तक बता दीजिए.

विशाल बंगळूरहून निघालाय. फोनवर तोही तेच म्हणाला, "मौसी, मां खुद मना कर रही है तो..." मी फोन ठेवला.

संध्याकाळी मी तिच्या कानाशी गेले. "ताई, ऑपरेशन करून घे. माझ्यासाठी."

"नको गं. ह्या वयात काय करायचं."

हे दुसऱ्यांदा झालं. तिचा आवाज मवाळ झाला होता, मला ओळखीचा आहे तो. पण थकली होती, डोळे मिटले. मी डॉक्टरला सांगितलं, सकाळी सही मिळेल, तयारी ठेवा. सकाळी ती ताजी असते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे गेली. किडन्या बंद पडल्या म्हणाले, दोन दिवस पाण्यावाचून. मी बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेत होते.

तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं.

१० मार्च, सोमवार

तेरा दिवस वही उघडली नव्हती. दिवस झाले. विशाल परत गेला.

हरकतीची मुदत ताई गेली त्याच दिवशी संपली. तरी मी आयोगाला पत्र पाठवलं, अडीचशे फॉर्म माझ्या हातचे आहेत आणि ते खोटे आहेत. यशदीपचा फोन आला होता. ओरडला नाही. म्हणाला, "आंटी, आपका दुख समझता हूं. पर आपने ही तो कहा था, शब्द-शब्द." खरंच आहे. मीच म्हटलं होतं.

आज ब्राह्मणपाऱ्यात नरहरी काकांकडे गेले. फॉर्म नव्हता, चष्माही लावला नाही. खाली सतरंजीवर बसले आणि विचारलं, "काका, भाडं वाढलं तर फोन ठेवाल की काढाल?"

"अरे, सांगितलं होतं ना? काढून टाकू."

"खरंच काढू?"

"काढा हो. म्हाताऱ्याचे काय लाड."

बाहेर खांबावर कंपनीची दोन माणसं चढली होती, जुन्या तारा कापून खाली सोडत होती. काकांचं लक्ष तिकडे गेलं. मी तिसऱ्यांदा विचारलं.

काका उठून फोनजवळ गेले, रिसीव्हरवर हात ठेवला. "पोरगी अमेरिकेहून याच्यावर बोलते, बाई. मोबाइलचं मले ऐकू येत नाही. आवाज चिरकतो, मी नुसतं हं हं करतो." बोलता बोलता त्यांचा हात तिथेच राहिला. "नका काढू. त्यांना जाऊन सांगता का, बाई? तुम्ही लिहून नेलं होतं ना?"